दहावा म्हणायचं नाही

मिरजेत एकतीस वर्षं मी धागा देते.
देते म्हणजे, सर मान वर न करता हात पुढं करतात
आणि सुई लावलेला होल्डर
तळव्यावर टेकला पाहिजे, आवाज होईल असा.

नवी मुलगी आलीय, हर्षाली, मणेराजुरीची.
वहीत रकाने आखून विचारते,
सिस्टर, सगळ्यात चांगला धागा कुठला?

रकान्यात मावेल तेवढं आधी सांगते.
शून्यं वाढली की धागा बारीक होत जातो,
बँकेतला हिशेब इथं चालत नाही.
कॅटगट मेंढीच्या आतड्याचं, मांजराचा काही संबंध नाही.
पाकीट फोडलं की स्पिरिटचा वास नाकात चढतो.
आपोआप विरतं,
कधी कधी विरायला नको तेव्हाच.
सिल्क काळं, हाताला गुणी,
गाठ सांगितल्या जागी बसते,
पण त्याच्या विणीत जंतू बिऱ्हाड करतात.
नायलॉन गुळगुळीत. जंतूंना थारा देत नाही,
गाठीलाही देत नाही.
पाच मार, वर सहावी मार,
तरी पाकिटातली घडी त्याला आठवत राहते,
कापलेलं टोक पुन्हा तसंच वाकडं.
व्हायक्रिल जांभळं. तीन आठवडे इमानानं धरतं,
मग कोणाला न सांगता निघून जातं.
मैदान संपल्यावर पैलवान येतात डोकी फोडून,
त्यांना पिना. त्यांना थांबायला वेळ नसतो.

लिहून झालं? आता वही मिट.

जतच्या पलीकडून गुरव्वा आलेली.
पोट उघडलं, बंद केलं, कातडीला नायलॉन.
मी म्हटलं, दहाव्या दिवशी या टाके काढायला.
तिच्या सासूनं माझं मनगट धरलं.
'दहावा म्हणू नका बाई, माणूस जितं हाय.'
तेव्हापासून मी वार सांगते.
बुधवारी या, म्हटलं.

गुरव्वा त्या बुधवारी आली नाही.
चाळीस दिवसांनी आली.
भावानं दाढीच्या ब्लेडनं काढलेले टाके,
दोन राहिलेले, कातडीत रुतून.
म्हणाली, एकच गाडी, ती बी पहाटंची,
आन् त्यात शेळी व्याली.
सर काही बोलले नाहीत. चिमटा मागितला.
पण दुसऱ्या दिवसापासून
भूल द्यायच्या आधी एक प्रश्न वाढला,
गाव कुठलं?
लांबचं असलं की कातडीच्या आतून, विरघळणारा.
तुझ्या पुस्तकात हा रकाना नाही.

आणि आपले दस्तगीरचाचा, तंबोरेवाले.
भोपळा कापताना पटाशी निसटली,
अंगठ्याच्या बुडाशी चार टाके, निळं प्रोलीन.
बधिर केलेला हात दुसऱ्याचा असल्यासारखे बघत होते.
याचा नंबर किती, विचारलं. मी सांगितला.
म्हणाले, आम्ही पण धागा घालतो ताई,
घोडीवर, तारेखाली. सुती, एवढासाच.
सरकवत नेला की एका जागी तार बोलायला लागते.
त्याला आमच्यात जीव म्हणतात.
आणि तुमच्यात?
आमच्यात टाका, मी म्हटलं. काढून टाकायचा.

बुधवारी न चुकता आले.
पिवळ्या पिशवीत जायला हवे होते ते चार तुकडे,
पण त्यांनी मागितले
आणि मी स्पिरिटमध्ये बुडवून, गॉजमध्ये बांधून दिले.
सरांना सांगू नकोस.
पुढच्या महिन्यात बाजारात भेटले.
चालला का, विचारलं.
मान हलवली. 'लई गुळगुळीत, ताई.
तार गप्पच बसली.'

चल, हात धू, कोपरापर्यंत.
दोन नंबरला सिझेरियन आहे.
गाव विचारलंस का तिचं?